हासाजीचा न उघडलेला पडदा

रोह्यात कुणी शब्द देऊन फिरला की लोक म्हणतात, "झाला हासाजीचा पडदा." एसटी आली नाही, लाइनमन तार जोडायला आला नाही, नवरदेवानं मुहूर्त चुकवला, सगळ्याला हाच एक पडदा. हा हासाजी कोण, असं विचारून बघा. "होता एक नाटकवाला, शंभर वर्सांपूर्वीचा. दसऱ्याला माणसं बसवली नि स्वतः पळाला. पडदा उघडलाच नाय." बस्स. एका माणसाचं सबंध आयुष्य एवढ्यात आटपतं.

१९९७ च्या श्रावणात केरू माझ्याकडे पेणला आला. केरू माझा जुना विद्यार्थी, आता रोह्यातल्या एका नाट्यमंडळाचा चिटणीस. मंडळाची स्मरणिका निघायची होती आणि तालुक्यातल्या जुन्या नाटकवाल्यांवर मी लिहावं, असं त्याचं म्हणणं.

"हासाजीवर चार ओळी पुरेत, बाई. पळपुटा होता म्हणून लिवायचं नि पुढं जायचं. मानाचं पान गुणाजीला द्या. मंडळी मागाहून त्यानंच सांभाळली."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

सगळेच सांगतात म्हटलं की माझे कान टवकारतात. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. जी गोष्ट सगळे अगदी त्याच शब्दांत सांगतात, ती बहुधा एकानं पसरवलेली असते. शिवाय पळाला तर कुठं, आणि कशाला? एक जण म्हणाला, बाईच्या नादी लागला. दुसरा म्हणाला, मुंबईच्या मंडळीनं फोडला. तिसऱ्यानं तर छातीठोक सांगितलं, की गणपतीचा मुखवटा चोरून नेला आणि देवानं आंधळा केला. आंधळा होऊन राहिला कुठं, विचारलं तर म्हणे, "अष्टमीत, आपल्या घरी." म्हणजे पळालेला माणूस नदीपलीकडच्या अष्टमी गावात, स्वतःच्या घरात! हे सांगताना त्या गृहस्थाला काही वावगं वाटलं नाही.

चारपाच म्हाताऱ्यांना पिळून जे थोडंफार पक्कं हाती आलं, ते असं.

हासाजी अष्टमकर बेने इस्राएलांपैकी, म्हणजे कोकणातला ज्यू. कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घाण्यावर तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद. बोलणं, नेसणं, भात-मासळी सगळं आपल्यासारखं. देव मात्र एकच, आणि त्याला मूर्ती नाही. रोह्याला नाटकमंडळी उतरली की तिच्या दिवट्यांना तेल हासाजीच्या बापाच्या घाण्यावरून जाई. ते पोचवायला पोरगेला हासाजी होडीत बसे आणि तेल पोचलं तरी परत येत नसे. एकदा राणीच्या सखीचं काम करणारा पोरगा तापानं पडला. साडी हासाजीच्या अंगावर बसली. तिथून पुढं मिसरूड फुटेपर्यंत तो सखी झाला, राणी झाला, शेवटी सीता झाला. आवाज फुटल्यावर राक्षस. त्या काळचा राक्षस मशालीवर राळ फेकून, जाळाचा लोळ उठवून, डरकाळी फोडतच यायचा. बाकीच्यांचे राक्षस पुढच्या रांगेतल्यांच्या पागोट्यांना चटके देत. तेल्याच्या पोराला जाळाचा अंदाज होता. त्याच्या नाटकात कुणाचं काही जळल्याचं कुणी सांगत नाही.

पुढं त्यानं स्वतःची मंडळी काढली. नागोठण्यापर्यंत होड्या, मग बैलगाड्या. पेण, रोहे, चौल. मालक म्हणून कडक. शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारच्या दिवेलागणीपर्यंत खेळ नाही, हे तो ठरवतानाच सांगे आणि गावं ऐकून घेत. पावसाळ्यात पेणला तालमी चालत, आणि दसऱ्याला रोह्यात वर्षाचा पहिला पडदा उघडे. त्या वेळच्या नाटकांत सूत्रधार, विदूषक झाले की मुखवटा लावून गणपती यायचा. त्यानं आशीर्वाद दिल्याखेरीज कथा पुढं सरकत नसे. हा मुखवटा पेणच्या कारागिरानं केलेला, आणि दर पावसाळ्यात रंग द्यायला त्याच्याकडेच जायचा. हासाजी स्वतः कधी गणपती झाला नाही. गणपती पुढं उभा असेपर्यंत तो पडद्याची दोरी धरून आतच राही. यावरही लोक कुजबुजत: बघा, याला आपला देव चालत नाही. दोरी कोण ओढतंय ते कुणी बघत नसे.

आणि मग एका दसऱ्याला पडदा उघडला नाही. गुणाजी त्याच मंडळीतला, नायकाची कामं करणारा. पुढच्या मोसमात मंडळी गुणाजीची झाली होती. हासाजी परत घाण्यावर. नंतर रोह्यात कुणाचंही नाटक आलं तरी दिवट्यांचं तेल त्याच्याच घाण्याचं असे. पोचवायला तो स्वतः कधी गेला नाही.

आता मला सांगा, लबाड माणसाकडून गाव वीस-पंचवीस वर्षं तेल घेईल?

अष्टमीत हासाजीच्या वंशातली एकच बाई उरली होती. रेबेका, त्याची पणती. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त, नवरा वारलेला, मुलगी नाओमी इस्राएलमध्ये. दिवाळीनंतर नाओमी आईला न्यायला येणार होती, ती कायमचीच.

मी गेले तेव्हा दार वीतभर उघडलं.

"जागेसाठी आलात?"

"नाही."

"मग बिल्डिंगवाल्यांनी पाठवलंय. सांगा त्यांना, मी गेल्यावर या."

"मी हासाजींविषयी विचारायला आलेय."

दार वीतभराचं चार बोटं झालं. "पडदा ना? ऐकलाय तो. माझी वरात उशिरा आली तेव्हा ऐकला. दवाखान्यात डॉक्टर नाय आला की बायका माझ्याकडं बघून हसायच्या. आता तुम्ही पेणवरनं आलात ऐकवायला?"

"ऐकवायला नाही, ऐकायला. तुम्हाला वेळ नसेल तर तसं सांगा, माझी चारची गाडी आहे."

माझा हा तुसडेपणा तिला बरा वाटला असावा, कारण तिनं आत घेतलं. चहा ठेवता ठेवता मागं न बघता म्हणाली, "केरू बोलला मला. पळपुटा म्हणून छापणार."

"अजून छापलेलं नाही."

"बाई, मी सत्तरीला आले. सगळा जन्म हितं काढला. मी गेले की अष्टमीत आमचं कोण नाय. मागं एवढंच राहणार का, छापील? काय खरं ते शोधा. चोर निघाला तर चोर लिवा, माझं काय म्हणणं नाय. पण सगळे सांगतात म्हणून नको."

हे बोलणं मला पटलं. पण म्हणून मी तिच्यावर लगेच विश्वास टाकला असं नाही. घरात काय सांगतात त्याच्याविषयी, असं विचारलं तर म्हणाली, "आजी म्हणायची, लई धार्मिक होता. एका वर्सात दोनदा दार लावलं त्यानं."

"दार लावलं म्हणजे?"

"दारफाळणीचा सण आमचा. वर्साचं पाप धुवायचा उपास. पांढरं नेसायचं, दार लावायचं. पाणी नाय, चूल नाय, घराबाहेरच्या माणसाशी बोलायचं नाय, शिवायचं नाय. दुसऱ्या दिवशी दिवे लागले की उपास सुटला, पण आमच्या घरात दार उघडायचं ते उजाडल्यावरच. जुनी माणसं लई कडक पाळायची. आता मुंबईत कोण एवढं करतं? मी पण नोकरी होती तवर नुसता उपास करायचे."

"कधी असतो हा?"

"गेल्या साली तुमच्या गणपतीत आलेला."

"आणि त्यानं दोनदा लावलं, ते का?"

"पुण्य जास्त!" ती म्हणाली, पण स्वतःलाच पटल्यासारखं दिसलं नाही.

मला तर मुळीच पटलं नाही. राळ उडवून राक्षस करणारा, बारा गावचं पाणी प्यालेला माणूस अचानक दुप्पट धार्मिक कशाला होईल? घरच्यांनी मागाहून पेरलेली साखर, असं मी मनाशी म्हटलं. त्याहून मला खटकली ती खाटेखालची पत्र्याची ट्रंक. माझी नजर तिकडं गेली, तसं रेबेकाबाईनं पायानं ती आणखी आत सारली.

"त्यात काय आहे?"

"कपडे."

दुसऱ्यांदा गेले, तर ट्रंक झाकेल अशी चादर खाटेवरून जमिनीपर्यंत सोडलेली आणि वर रेबेकाबाई स्वतः बसायच्या बेतात. आता खरं सांगते, मला तो तिसरा गृहस्थ आठवला, मुखवटा चोरला म्हणणारा. परतीच्या गाडीत पेण येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच. ही बाई मला खरं शोधा म्हणते, आणि खरं खाटेखाली ढकलते. हासाजी चोर असेल तर लिहायची माझी तयारी होती. तिची होती का, याची शंका होती.

इकडं केरूचे फोन. "बाई, दसऱ्यानंतर छापायला जायचंय. तेवढ्या चार ओळी..."

दसरा शनिवारी आला. म्हटलं, सोनं द्यायच्या निमित्तानं जावं आणि ट्रंकेचा एकदाचा सोक्षमोक्ष लावावा. आपट्याची पानं घेऊन सकाळच्या एसटीनं नागोठण्यावरून रोह्याला उतरले, पूल ओलांडून अष्टमीत. रेबेकाबाईचं दार बंद. खिडक्या बंद. बाहेरून कुलूप नाही. कडी वाजवली. आत पुटपुटणं चाललं होतं, ते थांबलं. मी हाक मारली, "रेबेकाबाई, मी पेणची." उत्तर नाही. थोड्या वेळानं पुटपुटणं पुन्हा सुरू झालं.

मला राग आला. बाई घरात आहे, मी आलेय हे तिला कळलंय, आणि ती दार उघडत नाही. मी आणखी जोरात वाजवली.

शेजारची गिरजाबाई झेंडूची माळ ओवत ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "किती ठोकशील गो बाय? ती नाय उघडायची. सण हाय तिचा."

"दसरा? तिचा?"

"तिचा वायला, येगळा. दार लावायचा. काल सांजच्यापासून पांढरं नेसून बसलीय. म्हणली, गिरजे, हितला शेवटचा सण, आजीसारखा करनार. मला पण नाय बोलायची आज."

"पण तो तर गणपतीत येतो ना?"

"गेल्या साली गनपतीत. औंदा दसऱ्याला. चंद्र चालवील तसा." मग माझ्या हातातली पानं बघून ती खदखदून हसली. "एवढ्या लांबनं आलीस नि झाला तुझा हासाजीचा पडदा!"

मी त्या पायरीवर बसलेच.

दसऱ्याला आलेलं माणूस, बंद दार, आत माणूस असून उत्तर नाही. गिरजाबाई थट्टेत बोलली ती थट्टा नव्हतीच. त्यांचे महिनेही आपल्यासारखेच चंद्रावर चालतात, आणि आपल्या अधिक महिन्यासारखा तेही मधूनमधून एक महिना जास्तीचा घालतात. पण आपल्याच वर्षी घालतील असं नाही. म्हणून हा सण कधी भाद्रपदात गणपतीच्या दिवसांत पडतो, तर कधी थेट दसऱ्याला टेकतो. घरी राहणाऱ्याला वडीलधारे सांगतात. हासाजी पावसाळाभर पेणला तालमीत, भोवती आपलं माणूस एक नाही. त्यानं स्वतःच महिने मोजले आणि भाद्रपदात, पेणला, एकट्यानं दार लावून उपास केला. सण झाला असं समजून दसऱ्याचा खेळ बिनघोर कबूल केला. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी अष्टमीच्या घरी पोचतो, तर घरची सगळी आंघोळी करून, पांढरं नेसून तयार. सण आज लागतोय. याचा महिना चुकला होता. दिवस मावळत होता, नदीला पूल नव्हता आणि दार लागायची वेळ झाली होती.

एका वर्षात दोनदा दार लावलं ते असं. पहिलं चुकीचं, दुसरं खरं.

मी उठून चालायला लागले आणि पुलाच्या मध्यावर मलाच माझा संशय आला. बरं, हासाजी दाराआड. पण मंडळी तर रोह्यात होती. गुणाजी होता, सूत्रधार होता. मालकाचा राक्षस दुसऱ्या कुणी केला असता. पडदा का नाही उघडला? एवढं एक बसेना. त्या रात्री मी रोह्यातच मैत्रिणीकडे राहिले.

सकाळी गेले तर दार सताड उघडं. रेबेकाबाई पांढऱ्या साडीत, चेहरा उपासानं ओढलेला, पुढ्यात ताटलीभर पुऱ्या.

"काल ठोकत होता ते ऐकलं मी," ती म्हणाली. "आज शिळा सण. आज या, बसा, खा. रागावलात?"

"रागावले होते." आणि मी तिला सगळं सांगितलं.

पुरीचा तुकडा मोडून ती म्हणाली, "म्हणजे धार्मिक नाय. वेंधळा."

"एकटा पडलेला माणूस. मोजण्यात चुकला."

"तेच ते." तिला हसू आलं, आणि डोळ्यांनाही पाणी आलं. "आजीनं जन्मभर त्याची चूक मिरवली गो बाई, पुण्य म्हणून!"

"पण एक बसत नाही. त्याच्यावाचून बाकीच्यांनी नाटक का केलं नाही?"

रेबेकाबाई उठली. दार लोटून घेतलं, ट्रंक बाहेर ओढली. वर जुन्या सुती साड्या, खाली पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं. तिनं कापडाचे पदर बाजूला केले.

गणपती. कागदाच्या लगद्याचा मुखवटा, सोंडेचं टोक उडालेलं, शेंदरी रंगाचे पोपडे, पण डोळे शाबूत. पेणच्या बाईला पेणचे डोळे कळतात. मी उलटा करून पाहिला. आतून रद्दीचे कागद चिकटवलेले, त्यावर मोडी अक्षरं.

"चोर म्हणाल म्हणून नाय दाखवला," ती म्हणाली. "आणि दिवस कसले आलेत बघता ना? आमच्या घरात खाटेखाली गणपती, कोण काय अर्थ काढील? आजी म्हणायची, ठेवा, न्यायला येतील. का राहिला ते तिला पण म्हाईत नव्हतं. दर वर्सी कापड बदलायचं नि परत ठेवायचा. कोण आलं नाय न्यायला."

बसत नव्हतं ते बसलं. पेणहून नवा रंग दिलेला मुखवटा हासाजीनं स्वतःच आणला होता, म्हणून तो त्याच्याबरोबर घरात गेला. नदीपलीकडे सगळं रोहे सतरंज्यांवर बसलेलं, सूत्रधार तोंड रंगवून उभा, आणि गणपती अष्टमीत, दाराआड. गणपतीशिवाय नाटक सुरू करायची त्या काळी कुणाची छाती होती?

आता माझा संशय गुणाजीवर आहे, तो लपवत नाही. मालक आला नाही म्हटल्यावर कुणीतरी होडीनं अष्टमीत गेलंच असेल, दार वाजवलंच असेल, मी वाजवलं तसं. आतलं पुटपुटणं त्यालाही ऐकू आलं असेल. मग परत येऊन 'घरात आहे' न सांगता 'पळाला' असं कुणी सांगितलं? मंडळी ज्याच्या पदरात पडली, त्याच्याकडेच मी बघणार. आणि दुसऱ्या दिवशी सणातून बाहेर आलेला हासाजी खुलासा करायला गेला नसेल का? गेला असेल. पण तोवर म्हण झाली होती, आणि त्याच्या हातचा मुखवटाही कुणाला नको झाला असेल.

केरूनं माझा मजकूर वाचला आणि कपाळाला हात लावला. "बाई, पुरावा काय याला?"

"नाही."

"मग हे छापायचं कसं?"

"पळपुटा छापायला निघाला होतास, तेव्हा कुठला पुरावा होता?"

"पण गुणाजीचे नातू मंडळात हायत, बाई. अध्यक्षच हायत."

"मग त्यांनाच विचार, की त्यांच्या आजोबांनी त्या दिवशी दार वाजवलं होतं की नाही."

दोन दिवसांनी त्यानं मजकूर छापला, गुणाजीवरची ओळ जरा मवाळ करून. मी भांडले, पण 'पळपुटा' हा शब्द कुठं आला नाही, म्हणून सोडून दिलं. रेबेकाबाईनं तो चष्मा लावून दोनदा वाचला.

"खात्री हाय ना तुम्हाला, बाई?"

"नाही. पण बाकी कुठलीच गोष्ट सगळीकडून बसत नाही."

"मग चालंल." घडी घालून तिनं ते पान पासपोर्टच्या पिशवीत ठेवलं.

नाओमी यायच्या आठवड्यात केरू अष्टमीत आला, मुखवटा मागायला. मंडळाच्या यंदाच्या पहिल्या नाटकाआधी तो रंगमंचावर ठेवायचा, असं ठरलं होतं. मी आत चहा घेत होते. रेबेकाबाईनं दार वीतभरच उघडलं.

"काय पायजे?"

"न्यायला आलोय. मुखवटा."

"कशावरून तू मंडळाचा?"

"मावशी, लहानपणी तुमच्याच हातची सुई टोचून घेतलीय मी!"

"ते झालं. मंडळाचं पत्र?"

केरूनं आत माझ्याकडं पाहिलं. मी चहा पीत राहिले. त्यानं खिशातून मंडळाचं पत्र काढून दिलं. तिनं ते शिक्क्यासकट वाचलं, उजेडात धरून पाहिलं, मग दार सताड उघडलं. केरू चपला काढून आत यायला लागला, तसं तिनं त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"आधी मागं जाऊन हातपाय धू. आम्ही त्याला कधी उघड्या हातानं शिवलो नाय. देव हाय तो तुमचा."

केरू बाह्या सारून मागच्या टाकीवर गेला.